गोड मनाचा दोर

एका उभ्या कड्याच्या माथ्यावर, फार पूर्वी, एक लहानसं गाव होतं. गाव कसलं, पंचवीस-तीस घरं, आणि माणसांपेक्षा शेळ्याच जास्त. जमीन खडकाळ, त्यामुळे नाचणी पिकली तर पिकली. पण त्या कड्याच्या पोटात, जिथं जायला माकडसुद्धा दहादा विचार करील, तिथं आग्या माश्यांची सुपाएवढी मोहोळं लटकत. त्यांचा मध काढायचा, तो बाजारात नेऊन वर्षाचं मीठ आणि धान्य आणायचं, यावरच गाव जगत होतं.

मध काढायचा म्हणजे एकानं कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचं आणि दुसऱ्यानं वर दोर धरून बसायचं. दोर कुणी धरायचा, तेही ठरलेलं होतं. उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावानं. जुनी माणसं भारी हुशार. सख्खा भाऊ एखाद्या वेळी वाटणीसाठी हात सैल सोडील, पण आपल्या बहिणीचं कुंकू कोण पुसेल?

आणखी एक रीत होती. उतरण्याआधी गावचा कारभारी दोर धरणाऱ्याला तीनदा विचारायचा, "मन गोड आहे का?" त्यानं तीनदा म्हणायचं, "मन गोड आहे." मग ढोल वाजायचा आणि माणूस खाली उतरायचा. मन गोड असलं की दोर तुटत नाही, अशी गावाची पक्की समजूत होती.

आता तुम्ही म्हणाल, कधीच तुटला नाही का? तुटला होता. या गोष्टीच्या दोनच वर्षं आधी एका घरचा दोर तुटून एक तरणाताठा माणूस दरीत गेला. गावानं काय केलं? तो दोर जाळला, आणि दोर धरणाऱ्याला म्हणाले, "तू तोंडानं गोड म्हणालास, आतून मन गोड नसणार तुझं." तो बिचारा शपथा घेऊन सांगत राहिला की मन खरंच गोड होतं, अगदी साखरेसारखं होतं. कुणी ऐकलं नाही. पुढे तो गाव सोडूनच गेला. म्हणजे बघा, दोर टिकला तरी समजूत खरी आणि तुटला तरी समजूत खरी. असल्या समजुतीला कोण हरवणार?

तर त्या गावात लहानू नावाचा एक माणूस होता. कष्टाळू, सरळ, पण जात्याच घाबरट. शेळी वेळेवर आली नाही की याला वाघ दिसायचा. चुलीत लाकूड तडतडलं की घर पेटल्याचं दिसायचं. गाव त्याची थट्टा करायचं, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि लहानूच्या पाठी दोन." तो हसून घ्यायचा. करणार काय?

लहानूची थोरली बहीण हिरू त्याच गावात दिलेली होती. तिचा नवरा धावजी. त्या वर्षी धावजीची कड्यावर उतरायची पाळी आली, आणि दोर धरायचा लहानूनं.

पाळीची बातमी आली त्या दिवसापासून लहानूच्या पोटात जो गोळा आला तो हलेना. अन्न जाईना. भाकरीचा तुकडा मोडला की हिरूचं कुंकू पुसलेलं कपाळ डोळ्यांसमोर यायचं. हिरूच्या पदरात सहा महिन्यांची पोर. धावजी दाजी तर असा मोकळा माणूस की लहानूला "मेहुणे, दोर धरताना झोपू नका म्हणजे झालं" म्हणून मोठ्यानं हसायचा. तो हसला की लहानूला अधिकच भीती वाटायची.

ठरल्या दिवशी सकाळी सगळं गाव कड्याच्या टोकाशी जमलं. पावसाला महिनाच उरला होता. पाऊस लागला की माश्या उठून जातात, मग वर्षभर अळणी खायचं. घरात मीठ संपलेल्या बायका हांडे घेऊन मधाची वाट बघत उभ्या होत्या.

कारभाऱ्यानं धावजीच्या घरचा दोर बाहेर काढला. साधासुधा दोर नव्हता तो. धावजीच्या आजोबांनी वळलेला. दोन पिढ्या त्याच्यावर उतरल्या होत्या. हाताळून हाताळून लोण्यासारखा मऊ झालेला, मेण पिऊन पिऊन सोनेरी झालेला. घरात लग्न झालं की नवरा-नवरी आधी त्या दोराच्या पाया पडत. त्याला हात लावला की कुणालाही कसं भरल्या घरात बसल्यासारखं वाटायचं.

कारभाऱ्यानं विचारलं, "लहानू, मन गोड आहे का?"

लहानूनं दोर हातात घेतला. धावजीचे आजोबा आठवले, वडील आठवले. पण भीती काही हटेना. तो म्हणाला, "नाही हो. कडू आहे."

गर्दीत कुजबुज झाली. धावजीसुद्धा हसायचा थांबला. हिरूचा चेहरा उतरला. आजवर कुणी असं बोललं नव्हतं. मनात काही असलं तरी तोंडानं गोड म्हणून मोकळे व्हायचे. याला तेवढंही जमेना.

"अरे, मन चिंती ते वैरी न चिंती," कारभारी म्हणाला. "तुझ्या या कडू मनानंच काहीतरी वाईट ओढवेल. मन गोड कर बाबा. दुपारपर्यंत वेळ आहे."

मग सगळं गाव लहानूचं मन गोड करायच्या मागे लागलं. हिरूनं गूळ आणि तूप घालून नाचणीचा शिरा केला, त्याला जवळ बसवून भरवला. भगतानं अंगारा लावला, कानात फुंकर मारली. म्हाताऱ्यांनी आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. हा दोर धरून आजोबा कसे एका दिवसात सात मोहोळं काढायचे, वादळात कसे लटकत राहिले, दोराला ओरखडासुद्धा कसा गेला नाही. पोरांनी ढोल वाजवला. हिरूची पोर त्याच्या मांडीवर ठेवली, ती त्याचं बोट धरून झोपून गेली.

आणि काय सांगावं, लहानूचं मन खरंच गोड झालं. पोटातला गोळा विरघळला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला. दाजींना काय होणार, आपण उगीच घाबरत होतो, आजोबांचा आशीर्वाद आहे की पाठीशी, असं त्याला मनापासून वाटू लागलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. इतकं बरं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तो उठला आणि कड्याकडे निघाला. आता तीनदा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

वाटेत ठकूबाईचं खोपट होतं.

ठकूबाई म्हणजे पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आलेली म्हातारी. लग्नाला पन्नास वर्षं झाली, नवरा जाऊन वीस झाली, तरी गाव तिला "ती पलीकडची" असंच म्हणायचं. जीभ तिखट. कुणाला बरं वाटेल असं एक वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नाही. ती घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे धागा, काढून दरवर्षी एक दोर वळायची. दोर खरखरीत, हाताला टोचणारा, रंगानं मातकट. धरला की अंगावर काटा यायचा. मध काढायला तो कुणी घेत नसे. गाव त्या दोरानं गवताच्या गंज्या बांधायचं.

म्हातारी दारात दोर वळत बसली होती. तिनं लहानूकडे पाहिलं.

"काय रे, सकाळी तर रडतोंड्या होतास. आता हसतोयस."

"मन गोड झालं, आजी."

"बरं झालं. आणि दोराचं काय झालं?"

"म्हणजे?"

"सकाळी मन कडू होतं, आता गोड आहे. मधल्या वेळात दोराला काय झालं, ते विचारतेय. त्यालाही शिरा भरवलात का?"

लहानूला राग आला. एवढं कष्टानं मिळालेलं सुख म्हातारीनं एका फटक्यात घालवलं. तो तावातावानं म्हणाला, "तुमचं तोंडच वाईट आजी. आता परत भीती वाटायला लागली मला. म्हणजे दोर खराब आहे, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

"मी कशाला म्हणू? मी पाहिलाय कुठं तो?" म्हातारीनं हात थांबवला नाही. "तुझी भीती तुझ्या पोटातली, तुझं गोड मनही तुझ्याच पोटातलं. दोराच्या पोटात काय आहे ते तुला दोन्हीतून कसं कळणार? आमच्या खोऱ्यात आधी धोंडा उतरवायचे. दोन माणसांच्या वजनाचा. तीनदा खाली, तीनदा वर. मगच माणूस. इथंही तसंच करत असणार पूर्वी. तुमच्या त्या धोंडोबाच्या कमरेला खाच कशासाठी आहे, कधी विचार केलास?"

लहानू जागच्या जागी उभा राहिला.

कड्याच्या टोकाशी धोंडोबा होता. शेंदरानं माखलेला, पेटाऱ्याएवढा गोल दगड. त्याच्या मध्यावर सभोवार बोटभर खोल खाच होती. बायका त्या खाचेत फुलं खोचायच्या. देवाची कंबर म्हणायचे तिला. खाच घासून घासून गुळगुळीत झालेली होती. लहानूनं लहानपणापासून तिथं हजारदा डोकं टेकवलं होतं, पण दोराशिवाय दगड असा कशानं झिजणार, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तुमच्या-आमच्या तरी आलं असतं का? शेंदूर लागला की माणूस विचारायचं सोडतो.

तो कड्याशी पोचला तेव्हा ढोल वाजत होता. धावजी कमरेला दोर गुंडाळून तयार होता. कारभाऱ्यानं विचारलं, "लहानू, मन गोड आहे का?"

सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. दोन शब्द बोलले की सगळे खूश होणार होते, आणि तोही.

"होतं मघाशी," तो म्हणाला. "पण दोर सकाळी होता तसाच आहे. बदललो तो मी. मला आधी या दोराला धोंडोबा बांधून खाली सोडायचाय."

ढोल थांबला. कारभाऱ्याला धड रागावताही येईना. "देवाला टांगणार? कड्यावर? डोकं फिरलं का तुझं? गावाचं वाटोळं होईल."

"दाजींच्या आजोबांचा दोर आहे तो," कुणीतरी ओरडलं. "त्याच्यावर संशय घेतोस?"

भगत म्हणाला, "देवाला राग आला तर आम्ही नाही जबाबदार."

लहानूला वाटलं, भूमीनं पोटात घ्यावं. सगळं आयुष्य त्यानं लोकांच्या मनासारखं वागण्यात घालवलं होतं. आता धावजीसुद्धा मान खाली घालून उभा होता. आपल्या आजोबांच्या दोराचा अपमान त्यालाही सहन होत नव्हता.

तेवढ्यात हिरू पुढे आली. पोर कडेवर तशीच. तिनं धोंडोबापुढे डोकं टेकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "देवा, आधी तू उतरून ये. मग माझा माणूस उतरेल."

दोघा-चौघांनी खाली मान घालून धोंडोबा उचलला. खाचेत दोर असा चपखल बसला की बघणारे एकमेकांकडे बघू लागले. झाडाच्या बुंध्याला वेढा देऊन लहानूनं दोर धरला, आणि धोंडोबा कड्यावरून हळूहळू खाली सोडला.

एक पुरुषभर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढा, खाली गेला. दोन पुरुष गेला. दोर ताणला गेला, पण टिकून होता. कारभारी म्हणाला, "बघ, झालं समाधान?" तिसऱ्या पुरुषाला दोर कड्याच्या कडेवर घासला आणि आतून करकरल्यासारखा आवाज आला. लहानूचे हात एकदम हलके झाले. तो मागच्या मागे आपटला.

खाली दरीत दगड फुटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

मग दरीतून माश्यांचा लोट उठला. सगळे घोंगड्या पांघरून जमिनीला चिकटले. त्या घोंगडीच्या अंधारात लहानू तुटलेलं टोक मुठीत धरून पडला होता. वरून लोण्यासारखा मऊ, आणि आतला वाख? भुसा. बोटांनी चोळला तर पीठ झालं. किती वर्षं हे असं होतं कोण जाणे. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. आणि तासाभरापूर्वी याच दोराच्या गोष्टी ऐकून त्याचे डोळे भरून आले होते. ते आठवून त्याला घाम फुटला.

माश्या निवल्यावर लोक उठले. कारभारी धोंडोबाच्या रिकाम्या जागेकडे बघत बसून राहिला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "देव गेला आपला," तो म्हणाला.

"देव गेला म्हणून माझा माणूस राहिला," हिरू म्हणाली. ती धावजीचा हात सोडायला तयार नव्हती.

त्या दिवशी मध निघाला नाही. संध्याकाळी लहानू ठकूबाईच्या दारात गेला आणि तिचा नवा दोर मागितला. म्हातारीनं दिला, पण म्हणाली, "माझा आहे म्हणून बरा असेल असं समजू नकोस. तोही बघून घे." लहानू आणि धावजी, दोघांनी ओढ्यातून तसाच एक मोठा धोंडा लोटत आणला. उजेड होता तोवर मोहोळं नव्हती त्या बाजूला तो कड्यावरून सोडला. तीनदा खाली, तीनदा वर. दोर लहानूच्या तळहाताला टोचत होता, सोलत होता. त्याला तो अजिबात आवडला नाही. पण दोरानं हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी सगळा दोर वीत-वीत करून डोळ्यांखालून घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पुन्हा जमलं. आज ढोल नव्हता. ओल्या गवताचा धूर कड्याखाली सोडला होता. धावजीनं तो मातकट दोर कमरेला बांधला. कारभाऱ्याला काय विचारावं ते सुचेना. शेवटी सवयीनं तो म्हणाला, "लहानू, मन गोड आहे का?"

"नाही," लहानू म्हणाला. "कालच्यापेक्षा कडू आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आत्ताही हात थरथरताहेत, बघा. पण धोंडा तीनदा उतरला आणि तीनदा वर आला, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. दाजी, उतरा तुम्ही."

धावजीनं मेहुण्याच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं, त्या हातांतल्या दोराकडे पाहिलं आणि उतरला.

पुढचा सगळा वेळ लहानूचा जीव टांगणीला होता. दोर जरा हलला की काळजात चर्र व्हायचं. खालून आवाज आला नाही की मनात शंभर वाईट गोष्टी यायच्या, आला की त्याहून वाईट यायच्या. एकदा तर दाजी पडलेच असं त्याला स्पष्ट दिसलं. त्यानं ओठ चावला आणि दोर धरून ठेवला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा धावजी चार हांडे भरतील एवढा मध काढून वर आला. त्याचा चेहरा माश्या चावून भोपळ्यासारखा सुजला होता, आणि तो हसत होता. लहानूनं हातातला दोर सोडला आणि तिथंच बसून हुंदके देऊन रडला.

त्यानंतर त्या गावात मनाचं विचारणं बंद झालं. कारभारी आता विचारायचा, "धोंडा वर आला का?" आणि धोंड्याला कुणी शेंदूर लावायला गेलं, तर ठकूबाई काठी घेऊन उठायची.

लहानूनं पुढं बारा वर्षं दाजींचा दोर धरला. बारा वर्षांत एकदाही त्याचं मन गोड झालं नाही. आणि बारा वर्षांत एकदाही त्याच्या हातून कुणी पडलं नाही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: मनाला बरं वाटलं, यातून मनाचं कळतं, दोराचं नाही. दोराचं दोरालाच विचारावं.